तिला खायला घाल

कोळशाची खाण बंद झाली तेव्हा आमच्या वस्तीतल्या सगळ्या नवऱ्यांनी काही ना काही खूळ शोधून काढलं. कुणी मागच्या बागेत कोबी लावले, कुणी कॅम्पिंगची गाडी घेऊन हॉलंडच्या किनाऱ्यावर जाऊन बसले, समोरच्या एगोनने तर तळघरात खेळण्यातल्या रेल्वेचे रूळ टाकले. माझा नवरा ओट्मार पिओंटेक याने बोआ आणला. अजगरासारखा साप, पण अंडी न घालता थेट पिल्लं देणारा. आणला तेव्हा माझ्या अंगठ्याएवढा जाड आणि हातभर लांब होता, शेपूट विटेसारखी लाल. "मादी आहे," ओट्मार दारातूनच म्हणाला. आमच्या मुलीच्या जन्माची बातमीसुद्धा त्याने एवढ्या कौतुकाने दिली नव्हती. नाव ठेवलं मथिल्डे. ते माझ्या आत्याचं नाव. मला विचारलं नाही.

माळ्यावर सासऱ्यांचा कबुतरखाना होता. आमच्या हेर्ने गावात खाणकामगाराच्या घरावर कबुतरखाना असायचाच. सासरे गेल्यावर तिथे मी शिवणाचं मशीन ठेवणार होते, पडद्यासाठी खिडकीचं मापही घेऊन झालं होतं. तिथे आता काचेच्या दाराची मोठी पेटी आली. एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला गारवा, मध्ये ओंडका, पाण्याची थाळी, आणि लपायला म्हणून माझं मांस भाजायचं मातीचं भांडं, उलटं घातलेलं. पेटीच्या गरम कोपऱ्यात एकतीस अंश. आमच्या झोपायच्या खोलीत जानेवारीत सोळा.

"आणखी एक स्वेटर घाल की," ओट्मार म्हणायचा. "तिला स्वेटर घालता येत नाही."

तर 'ती' म्हणजे मथिल्डे, हे आमच्या घरात वर्षभरात ठरूनच गेलं. तिने खाल्लं का? तिचे डोळे निळसर झालेत, आता कात टाकेल. तिला आज हात लावू नका. माझी बहीण फोन करून विचारायची, "ती कशी आहे गं?" आणि फोन ओट्मारने उचललेला असला, तर तो सांगायला लागायचा की सकाळीच मोठी शी केली, एकदम झकास, घट्ट. बहीण बिचारी आमच्या आईची चौकशी करत असायची. आई तेव्हा वृद्धाश्रमात होती.

खायला घालायचा सोहळा स्वयंपाकघरात सुरू व्हायचा, म्हणजे माझ्या छातीवर. डीप-फ्रीजरच्या वरच्या खणात वाटाणे, खालच्या खणात नाताळचं बदक, आणि मधल्या खणात पिशव्यांत भरलेले मेलेले उंदीर, आकाराप्रमाणे लावलेले. तो एक उंदीर काढायचा, गरम पाण्यात ठेवून नरम करायचा, पुसायचा, आणि माझ्या स्पॅगेटीच्या चिमट्याने शेपटीला धरून माळ्यावर न्यायचा. मी नवा चिमटा आणला. तो त्याने बघितला, दोनदा उघडमीट करून पाहिला आणि म्हणाला, "याची पकड जास्त चांगली आहे." नवा माळ्यावर गेला. स्पॅगेटीला जुनाच राहिला. मी दोन्ही फेकले आणि आम्ही महिनाभर मॅकरोनी खाल्ली.

आणि एवढं करून घालायचा किती? एक. तोही मथिल्डेच्या पोटाच्या जाडीपेक्षा जाड नाही. लहान होती तेव्हा दहा-बारा दिवसांनी, मोठी झाल्यावर तीन आठवड्यांनी, पुढे महिन्याने. ती काचेला नाक लावून जीभ लवलवत बसायची. माझ्याच्याने बघवत नसे.

"अरे भुकेली आहे ती!"

"भुकेली नाही. जागी आहे."

"तुला काय माहीत? तू कधी महिनाभर उपाशी बसलायस? जेवण पाच मिनिटं उशिरा झालं तर पातेल्यांची झाकणं उघडून बघत फिरतोस."

यावर तो हसायचा आणि पेटीत हात घालून तिच्या पाठीवरून अंगठा फिरवायचा. मादी वरून जराशी चौकोनी हवी, त्याच्या भाषेत पावासारखी. बोट लावलं की आतला स्नायू लागला पाहिजे, चरबी नाही. चौकोनाची गोल झाली, की संपलं. अशा सापाला आमच्याकडचे लोक वुर्स्ट म्हणतात, म्हणजे सॉसेज. हा शब्द ओट्मार असा उच्चारायचा की शिवी वाटावी.

घाई हा प्रकारच या माणसात नाही. खाणीत तो विजेचं काम बघायचा, तिथे ते बरोबर होतं, जमिनीखाली घाई केली की माणसं मरतात. पण घरीही तेच. स्वयंपाकघरात एक बटण बसवायला त्याने अख्खा पावसाळी उन्हाळा घेतला. मला मागणी घातली तीसुद्धा मी कसायाच्या मुलाला होकार द्यायच्या बेतात आले तेव्हा. असा माणूस बोआची मादी वाढवायला घेणार म्हटल्यावर काय होणार? मथिल्डेला पाचव्या हिवाळ्याच्या आत नराजवळ सोडायची नाही, असं त्याने पहिल्याच दिवशी जाहीर केलं.

हे सगळं त्याला शिकवलं ह्यूबर्टने. ह्यूबर्ट, आडनाव चापला, खाणीतला जोडीदार. पंचवीस वर्षं दोघं खाणीच्या लिफ्टच्या एकाच पिंजऱ्यातून खाली गेले आणि वर आले. बोआचं वेड मूळचं ह्यूबर्टचं. मथिल्डे पिल्लू असताना तीही त्यानेच निवडून दिली होती, सापांच्या बाजारात शंभर डबे उघडून बघून. त्याच्याकडे एक म्हातारा नर होता, दूरच्या कुठल्या तरी घराण्यातला, त्याच्यासारखा रंग म्हणे आता मिळत नाही. नाव डिरेक्टर. खाणीच्या डिरेक्टरवरून, कारण हाही दिवसभर उबेला पडून असायचा आणि बाकीचे त्याच्याभोवती धावायचे. मथिल्डे तयार झाली की तिची आणि डिरेक्टरची पिल्लं, हा दोघा मित्रांचा बेत. ह्यूबर्टची बायको हेडविग मात्र चाळीस वर्षांत त्या सापाच्या खोलीत शिरली नव्हती. दाराबाहेर कॉफीचा ट्रे ठेवायची आणि झाडूच्या दांड्याने आत ढकलायची.

साप पाळणाऱ्यांचं सर्पमंडळ मंगळवारी पबमध्ये जमतं. तिथे फोल्कमार नावाचा एक हुशार आहे. त्यानेही मथिल्डेच्याच वयाचं पिल्लू घेतलं होतं आणि तिला दर आठवड्याला एक गलेलठ्ठ उंदीर, कधी दोन, असं चारलं. दोन वर्षांत ती चार वर्षांच्या मादीएवढी झाली. फोल्कमार फोटो दाखवत फिरायचा. "ओट्मार, तुझी अजून बालवाडीत का रे?" आणि सगळे हसायचे. मी त्या दिवशी ओट्मारला घ्यायला गेले होते. मलाही पटलं. म्हटलं, बघ, लोकांची बाळंतपणं होतात आणि तू अजून पाठीवरून अंगठे फिरवतोयस.

फोल्कमारने तिला नराजवळ सोडली. उन्हाळ्यात तिने टाकले ते पिवळे, जेलीसारखे गोळे. एकही जिवंत पिल्लू नाही. नाताळच्या आत तीही गेली. डॉक्टरने पोट उघडलं तर आत नुसती चरबी. फोल्कमार दोन मंगळवार पबमध्ये आला नाही. ओट्मारने त्याला एका शब्दाने टोचलं नाही, याचाही मला राग आला. निदान एकदा तरी म्हणायचं, बघ.

मग ह्यूबर्टच्या छातीने दगा दिला. खाणीतली धूळ, सगळ्यांच्याच छातीत असते. काहींची गप्प बसते, त्याची बसली नाही. चौथ्या वसंतात त्याची खाट बैठकीच्या खोलीत आली, नाकात नळी, कोपऱ्यात गुरगुरणारं ऑक्सिजनचं यंत्र. डिरेक्टरची पेटीही त्याने तिथेच आणवून घेतली. हेडविगचा नाइलाज झाला. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वर्षीचा उन्हाळा बघतील, त्यापुढचं आम्ही बोलत नाही.

हिशेब साधा होता. बोआची जोडी हिवाळ्यात जमते, पिल्लं उन्हाळ्यात होतात. मथिल्डेला येत्या, म्हणजे चौथ्या, हिवाळ्यात सोडली, तर ह्यूबर्टला पिल्लं दिसतील. ओट्मारचा पाचवा हिवाळा धरून बसलो, तर दिसणार नाहीत.

"सोड तिला या हिवाळ्यात," मी म्हटलं.

"भरलेली नाही अजून."

"मग भर! फ्रीजर भरलाय तिच्यासाठी. माझं आइस्क्रीम ठेवायला जागा नाही."

"गुंडुला, तसं नसतं ते."

"मग कसं असतं? मित्र मरतोय तिकडे, आणि तू तिच्या कमरेचा घेर बघतोयस!"

तो उठून माळ्यावर गेला. हे त्याचं नेहमीचं. भांडण रंगात आलं की हा माणूस माळ्यावर. मंडळातल्या सगळ्यांनी सांगून पाहिलं. आमच्या मुलीने फोनवरून सांगितलं. फोल्कमारनेसुद्धा सांगितलं, म्हणजे बघा. ढिम्म. महिन्याला एक उंदीर, पोटाच्या जाडीएवढा. मी बेकरीत पाव कापताकापता त्याच्याशी मनातल्या मनात भांडायचे आणि गिऱ्हाइकांना चुकीचे पाव द्यायचे.

जूनमध्ये एका रविवारी आम्ही ह्यूबर्टकडे गेलो. मी मसुराचं सूप करून नेलं होतं. ओट्मारने नेहमीप्रमाणे फोन काढून मथिल्डेचे फोटो दाखवले, आणि मग तो डिरेक्टरच्या पेटीचा दिवा बदलायला बाहेरच्या शेडमध्ये स्क्रूड्रायव्हर शोधत गेला. हेडविग स्वयंपाकघरात सूप गरम करत होती. ह्यूबर्टने मला बोटाने जवळ बोलावलं. बोलायला त्याला फार कष्ट पडत. एक शब्द, मग श्वास, मग दुसरा शब्द.

"गुंडुला. तिला... खायला घाला जरा."

"काय?"

"तिला. फार... वाळलीय. त्यालाही... सांग. दोघं मिळून... बघा."

मला तर गडच जिंकल्यासारखं झालं. ट्राममध्ये बसल्याबसल्या मी ओट्मारला सांगितलं. "ऐक. माझं ऐकत नाहीस ना? हे माझं नाही. ह्यूबर्टने सांगितलंय. वाळलीय म्हणाला, तिला खायला घाला म्हणाला."

दोन स्टॉप गेल्यावर ओट्मारने विचारलं, "ह्यूबर्ट म्हणाला असं?"

"मग काय मी स्वप्नात ऐकलं?"

"त्यानेच मला शिकवलं..." एवढं बोलून तो थांबला. मग म्हणाला, "त्याला बघायची असतील पिल्लं. स्वतःहून मला म्हणवलं नसेल त्याला."

त्या आठवड्यापासून मधला खण भराभर रिकामा व्हायला लागला. दर शुक्रवारी एक मोठा उंदीर. ऑगस्टमध्ये आठवड्याला दोन. एकदा मथिल्डेने अर्धवट पचलेला उंदीर सगळा परत बाहेर टाकला, त्या वासाने आम्ही दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवल्या. ओट्मारने दोन आठवडे थांबून पुन्हा सुरू केलं. ती वाढली, फुगली. शेपटीजवळ वळ्या पडायला लागल्या, डोकं अंगाच्या मानाने चिमुकलं दिसायला लागलं. तो आता तिच्या पाठीवरून अंगठा फिरवत नसे. उंदीर द्यायचा, दार लावायचा, खाली यायचा आणि माझ्यासमोर बसून वर्तमानपत्र उलटं धरायचा. आता तरी खूश हो, असं म्हणावं तर मलाही म्हणवेना. मी गप्प बसायला शिकले, तेही त्या सापामुळे.

त्या उन्हाळ्यात हेडविगकडे माझं लक्ष नव्हतं असं नाही. पण ती होतीच तशी, मागेमागे राहणारी. आलो की कॉफी, केक, बशा, पुन्हा स्वयंपाकघर. "तू घे की गं," म्हटलं की "माझं मघाशीच झालं." आता रोज घरात आजारी माणूस असलेल्या बाईचं कधी जेवण होतं आणि कधी नाही, हे कोण बघत बसतं?

ऑक्टोबरात रात्री गार झाल्या. ओट्मार म्हणाला, "वजन तर आलंय. तिला घेऊन जाऊ, ह्यूबर्टला दाखवू, आणि कधी सोडायची ते त्यालाच ठरवू दे." मथिल्डेला उशीच्या अभ्र्यात घातली, वर गाठ मारली, गाठोडं त्याने कोटाच्या आत पोटाशी धरलं. तो असा फुगलेला बघून ट्राममध्ये एका बाईने त्याला जागा दिली.

ह्यूबर्ट उशांना टेकून बसला होता. आम्हाला बघून त्याचे डोळे चमकले. ओट्मारने गाठ सोडली आणि मथिल्डे त्याच्या पांघरुणावर ठेवली. ह्यूबर्टने हात तिच्या मानेपासून मागे फिरवला. अर्ध्यावर हात थांबला. पुन्हा मागे नेला, पुन्हा फिरवला. चेहरा असा लाल झाला की मी यंत्राकडे बघितलं.

"वुर्स्ट," तो म्हणाला.

"ह्यूबर्ट..."

"माझ्या... पोरीची... वुर्स्ट केलीस? तू? फोल्कमारने केली असती... तर... पण तू? लेका, तू?"

"अरे, तूच सांगितलंस!"

"मी?"

"गुंडुलाला सांगितलंस ना जूनमध्ये? तिला खायला घाला, वाळलीय म्हणून?"

मी मान हलवली. म्हटलं, "हो, मी शेजारीच होते. शुद्धीत होतास चांगला."

ह्यूबर्ट आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. मग त्याने हात उचलून दाराकडे बोट केलं. दारात हेडविग ट्रे घेऊन उभी होती. पांघरुणावरच्या मोकळ्या सापामुळे आत पाऊल टाकत नव्हती. अंगातलं लोकरीचं जाकीट खुंटीला टांगल्यासारखं लोंबत होतं, अंगठीला आतून दोरा गुंडाळलेला होता, बोटातून पडू नये म्हणून. मी त्या बाईला दर रविवारी बघत होते.

"तिला," ह्यूबर्ट म्हणाला. "तिला म्हटलं होतं मी."

यंत्र तेवढं गुरगुरत होतं.

"मला?" हेडविगच म्हणाली शेवटी. "मला कशाला? मी काय पिल्लं घालणार आहे का?"

ह्यूबर्टला हसू आलं, हसण्याचा खोकला झाला, खोकल्याने तो निळा पडला, आणि मग सगळी धावपळ. ओट्मारने मथिल्डे उचलली, मी उशी धरली, हेडविग ट्रे टाकून धावत आत आली. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ती सापाला घासून पुढे गेली. तिच्या लक्षातही आलं नाही.

तो शांत झाल्यावर मी हेडविगला स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. मी इतकी चिडले होते की मला रडू येत होतं. कुणावर, ते धड सांगता आलं नसतं. ह्यूबर्टवर, ओट्मारवर, त्या सापावर, माझ्यावर, आणि या बाईवर, जी उपाशी राहिली तरी हूं की चूं करत नाही. "जेवत का नाहीस?" मी ओरडलेच.

"जेवते गं. उभ्याउभ्या काहीतरी घेते." मग खाली बघत म्हणाली, "त्याला पातळ सूपही जात नाही आता. टेबलावर एकटीचं ताट मांडायला नको वाटतं. त्याला ऐकू जातो काट्याचमच्याचा आवाज."

मी तिची चूल पेटवली. बटाटे किसले, कांदा किसला, अंडं घालून धिरडी तळली, सफरचंदाचा मुरांबा काढला. तिने चार खाल्ली. पाचव्याला नको म्हणाली, मी वाढलंच. बाहेरच्या खोलीतून ह्यूबर्ट ओरडला, म्हणजे त्याच्या मानाने ओरडला, "आवाज येतोय! येऊ दे!"

निघताना ओट्मार त्याच्या खाटेशी उभा राहिला. मथिल्डे पुन्हा अभ्र्यात, अभ्रा कोटात. "ह्यूबर्ट, झालं ते झालं," तो म्हणाला. "वजन तर आहेच आता. या हिवाळ्यात सोडूया का? कदाचित निभावेल. सगळ्याच काही मरत नाहीत."

मला त्याचा आवाज ओळखू येईना. हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा घाई करायला निघाला होता, आणि कुणासाठी ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ह्यूबर्टलाही.

"नाही," ह्यूबर्ट म्हणाला. "आधी... वजन उतरव तिचं. सावकाश. उपाशी... मारू नकोस एकदम."

"दोन वर्षं लागतील त्याला."

"मग लागू देत."

"ह्यूबर्ट, दोन वर्षं म्हणजे..."

"मला... कळतो हिशेब. जा आता. ट्राममध्ये... गारठेल ती."

ट्राममध्ये ओट्मार रडला. कोटाच्या आत साप, बाहेर नाक पुसतोय, आणि समोरच्या सीटवरची दोन माणसं बघतायत. मी म्हटलं, "आता पुरे कर." पण हात त्याच्या गुडघ्यावर ठेवून बसले.

ह्यूबर्ट फेब्रुवारीत, कार्निव्हलच्या आदल्या आठवड्यात गेला. मथिल्डे अजून उतरतेच आहे. डिरेक्टर आता आमच्याकडे असतो, दुसऱ्या पेटीत, आणि झोपायची खोली आणखी थंड झाली आहे. हेडविग रोज दुपारी आमच्याकडे जेवते. तिला हे आवडत नाही, ते चालत नाही, बेकरीतून दमून आल्यावर मला दोन भाज्या कराव्या लागतात, आणि ओट्मार तिच्या ताटाकडे असा टक लावून बघतो की मला त्याला टेबलाखालून लाथ मारावी लागते.

ह्यूबर्टचा राग मात्र माझ्या मनातून जात नाही. मी हेडविगसमोर बोलत नाही, पण भांडी घासताना बोलते. नाव घ्यायचं होतंस रे. हेडविगला खायला घाला, एवढंच म्हणायचं होतंस, तर ती उन्हाळाभर उपाशी राहिली नसती, मथिल्डे फुगली नसती, आम्ही सगळे शहाण्यासारखे वागलो असतो. परवा असंच बोलताना मी ते नाव त्याच्यासारखं म्हणून पाहिलं, एका शब्दाला एक श्वास, तोही अर्धाच घेऊन. हेडविगला. ते पुरं होईना. 'तिला' तेवढ्यात मावतं.